आज्जाचा बैल आणि तुझा गुरुवार

लाडके,

परवा मशिदीतल्या रविवारच्या वर्गातून येताना तू गाडीत विचारलंस, "अब्बा, आज्जा बैलांचा सण करायचा ना? मग तो चांगला मुसलमान नव्हता का?" मी आरशातून तुझ्याकडे बघितलं आणि म्हणालो, "सीटबेल्ट लाव." तू तो लावलेलाच होतास.

रात्री तुझ्या दप्तरात ते कागदी पीस सापडलं. गुरुवारच्या थँक्सगिव्हिंगसाठी, म्हणजे इथल्या अमेरिकेतल्या आभाराच्या सणासाठी, शाळेतल्या मोठ्या कागदी टर्की पक्ष्याला चिकटवायचं, वर 'मी कशाबद्दल आभारी आहे' ते लिहून. तू कोरंच परत आणलंयस. तेव्हा कळलं की प्रश्न एकट्या आज्जाचा नव्हता.

म्हणून हे पत्र. देवनागरीत लिहितोय, कारण आज्जाबद्दल मला दुसऱ्या भाषेत धड लिहिता येत नाही. अडलीस तर मी वाचून दाखवीन.

तो खरं तर तुझा पणजा. माझ्या तोंडून ऐकून ऐकून तूही त्याला आज्जाच म्हणतेस. आमचं गाव कडेगावच्या बाजूला, सांगली जिल्ह्यातल्या कोरड्या अंगाला. टेंभू योजनेचं कालव्याचं पाणी तेव्हा आलेलं नव्हतं, सगळी भिस्त पावसावर आणि दोन बैलांवर. घरात आम्ही दखनी बोलायचो, बैलांशी मात्र मराठीत. मला लहानपणी वाटायचं, बैलांना दखनी कळतच नसणार.

आषाढात बेंदूर यायचा. आदल्या संध्याकाळी आज्जा बैलांच्या खांद्यांना हळद आणि तेल चोळायचा, जिथं जू घासून घासून कातडं टणक झालेलं असायचं तिथं. तेवढं तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचा नाही. सकाळी आम्ही पोरं बैलं ओढ्यावर नेऊन धुवायचो. मग शिंगं काचेच्या तुकड्यानं तासायची, त्यांना हुरमुंज, म्हणजे तांबडा रंग, लावायचा, वर बेगड, टोकाला पितळी शेंब्या. गळ्यात घुंगरं, पाठीवर झूल. आमची झूल दादीच्या जुन्या हिरव्या लुगड्याची होती. गावात तशी दुसरी नव्हती, त्यामुळं आमचा सर्जा लांबूनही ओळखू यायचा. त्या दिवशी जू नाही, चाबूक नाही. बैलाला शिवी दिली तर आज्जा आम्हाला दोन द्यायचा.

दादी पुरणपोळी करायची, कटाची आमटी करायची, पण ओवाळायची नाही. ते आपल्यात नाही म्हणायची आणि दारात उभी राहायची. मग बांधाला बांध असलेल्या शेजारच्या काकी ताट घेऊन यायच्या, आपले बैल ओवाळून झाले की आमच्या सर्जाच्या कपाळाला कुंकू लावायच्या. दादी त्यांना अडवायची नाही, बघायचीही नाही. तेवढ्यापुरतं तिला चुलीवरचं काहीतरी आठवायचं. नंतर आज्जा बिस्मिल्ला म्हणून पोळी बैलाच्या तोंडात द्यायचा. ते कुंकू त्यानं कधी पुसलं नाही. पावसाचे दिवस, संध्याकाळपर्यंत ते आपोआपच जायचं.

संध्याकाळी वेशीत कर तोडायचे. वेशीवर गवताचा दोर बांधलेला, त्याला आंब्याची पानं, आणि त्याखालून गावचे बैल उधळत न्यायचे. मानाचा बैल पाटलांचा. पण धुरळ्यात आणि चिखलात कुठला बैल कुठल्या घरचा ते काय कळतंय.

आता तुला एक गोष्ट सांगतो, जी आजवर सांगितली नाही. मी चौथीत असताना आमच्या मशिदीत नवे मौलवी आले. माणूस चांगला होता. मला कुराण वाचायला त्यांनीच शिकवलं, आणि तुला मी ज्या चालीत शिकवतो ती चाल त्यांचीच. त्यांनी आज्जाला बसवून सांगितलं की हे आपलं नाही. तुझ्या रविवारच्या वर्गातल्या उस्तादबाईंनी सांगितली तीच गोष्ट त्यांनी सांगितली होती. मदिनेचे लोक वर्षातले दोन दिवस खेळात घालवायचे, तेव्हा पैगंबर म्हणाले की अल्लाहनं तुम्हाला त्याऐवजी त्याहून चांगले दोन दिवस दिलेत, ईदुल-फित्र आणि ईदुल-अजहा. आणि ती दुसरी हदीस, जो ज्या लोकांसारखं वागायला जातो तो त्यांच्यातलाच होतो.

आज्जा म्हणाला, "वर्षभर त्याच्या खांद्यावर जू ठेवतोय. एक दिस तेल लावलं तर अल्ला रागावतोय व्हय?"

मौलवी शांतपणे म्हणाले, "तेल रोज लावा, चाचा. त्याच दिवशी का?"

आज्जाला उत्तर आलं नाही. खरं सांगू, मलाही अजून आलेलं नाही. त्याच दिवशी, कारण त्या दिवशी सगळं गाव लावतं. आणि उस्तादबाईंचा आक्षेप नेमका त्यावरच आहे, हे मला कळतं.

त्या वर्षी आम्ही बेंदूर केला नाही. गावभर घुंगरं वाजत होती आणि सर्जा गोठ्यात दाव्याला हिसके देत उभा होता. मी रडलो, थोरली फुफी रडली, दादीनं उगाच भाकरी करपवल्या. काकी ताट घेऊन आल्या नाहीत. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. फक्त पोळ्या पाठवल्या, कापडात बांधून, आणि निरोप काही नाही. आज्जानं त्यातली एक बैलाला घातली आणि उरलेल्या आम्हाला दिल्या. स्वतः खाल्ली नाही.

पुढच्या वर्षी त्यानं शिंगं रंगवली. हळदतेलही चोळलं. कर तोडायला मात्र गेला नाही, आणि काकी आल्या तेव्हा त्यांना म्हणाला, "वहिनी, कुंकवाचं तेवढं ऱ्हाऊ द्या." त्या बरं म्हणाल्या. सर्जाच्या पाठीवर हात फिरवला आणि गेल्या. तेव्हापासून असंच चाललं, सर्जा गेला आणि भाड्याचा ट्रॅक्टर आला तोपर्यंत. त्या मधल्या रेघेवर आज्जा खूश होता का, ते मी त्याला कधी विचारलं नाही. काकींनाही विचारलं नाही.

गंमत बघ, मौलवींचा मोहरमच्या ताबुतांवरही आक्षेप होता. कडेगावचे ताबूत तू व्हिडिओत पाहिलेस, घरांपेक्षा कितीतरी उंच. त्यांच्या भेटी होतात तेव्हा माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं. ते खांद्यावर घेणाऱ्यांत, मान असणाऱ्यांत हिंदू घरं कितीतरी. आम्ही पोरं समजायचो की मोहरम आपला आणि बेंदूर त्यांचा. मौलवींच्या हिशेबात दोन्ही नको होते, नववी-दहावीचे रोजे धरा म्हणायचे. दादी रोजेही धरायची आणि मोहरमचे गोड चोंगेही करायची. सगळ्या बाजूंनी सांभाळायची तिची पद्धत होती ती. तिला कुणी चूक म्हणालं तर मला अजून राग येतो, आणि उस्तादबाईंनी तर तिचं नावही घेतलेलं नाही.

राहिला तुझा गुरुवार. नोव्हेंबरातला चौथा. लिंकननं 1863 मध्ये, यादवी चालू असताना, आभाराचा दिवस जाहीर केला आणि 1941 मध्ये तो कायद्यानं चौथ्या गुरुवारी पक्का झाला. गोष्ट सांगतात ती 1621 ची, प्लिमथला वसलेल्या इंग्रजांच्या सुगीची, वाम्पानोआग या तिथल्या मूळ लोकांसोबतच्या जेवणाची. त्या मूळ लोकांच्या वंशजांपैकी बरेच जण 1970 पासून याच दिवशी प्लिमथला दुखवटा पाळतात. तेव्हा पीस कोरं ठेवायला तुझ्याकडे आणखीही कारणं आहेत, हवं तर.

हा सण देवाचा की देशाचा, यावर आपल्या आलिमांत एकमत नाही. काही म्हणतात, ही नुसती देशाची रीत आहे, पूजा नाही, जेवण हलाल असेल तर बसा. काही म्हणतात, दरवर्षी ठरल्या दिवशी येतो म्हणजे सणच, आणि सण आपल्याला दोनच. दोघंही अभ्यास केलेली माणसं. मी नाही. मी शिंगांना हुरमुंज लावलेला माणूस आहे, त्यामुळं माझं मन कुठं झुकतं ते तुला न सांगताही कळतंय. म्हणूनच जरा सावध राहा माझ्यापासून. मला आज्जाची आठवण येते, आणि आठवण म्हणजे काही फतवा नाही.

एवढं मात्र मी ठाम सांगतो, आज्जा पाच वक्तचा नमाजी होता. पेरणीच्या दिवसांत बांधावर टॉवेल अंथरून पढायचा आणि बैल शेजारी उभे असायचे. तुझ्या प्रश्नाला माझ्याकडे एवढंच उत्तर आहे.

समोरच्या आजींनी गुरुवारी दुपारी जेवायला बोलावलंय. आपलं खाणं त्यांना माहीत आहे. म्हणाल्या, पक्षी तुम्हीच आणा, तुमच्या दुकानातला. मी डिअरबॉर्नच्या खाटकाकडून हलाल टर्की आणून ठेवलीय. आपण गेलो नाही तर घरीच बिर्याणीत घालू, अम्मीला मी विचारलंय, ती नाक मुरडतेय पण करेल. गेलो आणि टेबलाशी आभार मानायची पाळी आली तर तू गप्प बसलीस तरी चालेल, मनात अल्हम्दुलिल्लाह म्हणालीस तरी चालेल. तुला यायचंच नसेल तर मी जाऊन ताट देऊन येईन.

आजींना मी अजून हो किंवा नाही काहीच कळवलेलं नाही. बुधवार रात्रीपर्यंत सांग. पण टर्की पाच किलोची आहे, फ्रीजरमधून काढल्यावर सुटायलाच तीन दिवस घेते, तेव्हा सोमवारीच सांग.

तुझा,
अब्बा