वॉर्डात पहिल्यांदा जातोयस ना, मग आधी हे वाच

चॅप्लेन म्हणून वॉर्डात कसं वागायचं असं तू विचारलंस म्हणून सांगतो, चॅप्लेन म्हणजे हॉस्पिटलात पेशंटजवळ बसून त्याला मनाचा, श्रद्धेचा आधार देणारा माणूस, फक्त फादर किंवा पास्टर असं नाही, आणि मुंबईत तर एका वॉर्डात सगळ्या धर्माचे पेशंट, त्यामुळे प्रार्थना, आशीर्वाद वगैरे त्यांनी मागितल्याशिवाय नको. आधी स्टूल ओढ आणि बस. उभ्याने बोललास की त्यांना वाटतं राउंडवाला डॉक्टर आला, लगेच उशीखालची फाईल काढतात.

ट्रेनिंगचं म्हणशील तर सीपीई, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन. अमेरिकेत १९२५ मध्ये अँटन बॉयसनने सुरू केलं, स्वतः मानसिक आजारातून गेलेला माणूस. तिकडे एक युनिट किमान ४०० तासांचं असतं. त्यातलं व्हर्बेटिम मात्र आजपासूनच लिही, म्हणजे घरी जाऊन पेशंट काय बोलला, तू काय बोललास ते आठवून जसंच्या तसं उतरवायचं, नाव न टाकता. वाचताना लाज वाटते खरी. माझ्या पहिल्याच पानावर एक काकू म्हणतायत, 'घरी तुळशीला पाणी कोण घालत असेल', आणि मी काय बोललो तर 'सगळं ठीक होईल काकू'. झालं, त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. अरे नुसतं विचारायचं ना, कुठेय तुळस, दारात की गॅलरीत!

आणि नातेवाईकांना विसरू नकोस, परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या बाहेर फुटपाथवर बघ किती लांबून आलेली असतात, हिंदी लागतेच तिथे. पेशंटचं बोलणं मात्र लोकलमध्ये मित्राला फोनवर सांगत बसू नकोस, बाजूचा ऐकत असतो.