अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये असिस्टंट कोचचं करिअर नेमकं कसं असतं? स्वतः न खेळलेला माणूस त्यात शिरू शकतो का?

हो, न खेळलेला माणूस शिरू शकतो. पैसाही मिळतो, पण मोजक्यांना आणि बहुतेकदा चाळिशीच्या आसपास. तुम्ही न विचारलेली गोष्ट मात्र या दोन्हींपेक्षा मोठी आहे. असिस्टंट कोचच्या नेमणूकपत्रावर शिक्का विद्यापीठाचा असला तरी नोकरी हेडकोचच्या जिवावर असते. हेडकोचला काढलं की त्याचे बहुतेक असिस्टंट सामान बांधायला लागतात. हेडकोचला मोठ्या विद्यापीठानं उचललं तर त्यातले तीन-चार त्याच्याबरोबर जातात आणि बाकीचे फोन वाजायची वाट बघत बसतात. ऊसतोडीची टोळी जशी कारखान्याची नसते, मुकादमाची असते, तसंच.

तुम्ही लिहिलंय की बी.पी.एड. करताय, यूट्यूबवर सामने बघून या हेल्मेट-पॅडवाल्या फुटबॉलची गोडी लागली आणि आता अमेरिकेत जाऊन कोचिंगमध्ये पडायचा विचार आहे. मी कोच नाही, हे आधीच सांगतो. मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात एमएस करताना खर्चाला हातभार म्हणून फुटबॉलच्या व्हिडिओ ऑफिसात काम धरलं आणि शिक्षण संपेपर्यंत तिथंच राहिलो. त्यामुळे ही मंडळी मी मैदानापेक्षा बंद खोलीत जास्त पाहिली आहेत. त्यांचा बराचसा वेळ तिथंच जातो.

पायऱ्या साधारण अशा: आधी ग्रॅज्युएट असिस्टंट, म्हणजे सगळे म्हणतात तो जीए. मग क्वालिटी कंट्रोल किंवा अ‍ॅनालिस्ट. मग पोझिशन कोच, म्हणजे फक्त लाइनबॅकर्सचा (बचावातली मधली फळी) किंवा फक्त रिसीव्हर्सचा (पास झेलणारे). त्याच्यावर ऑफेन्स (चढाई) किंवा डिफेन्सचा (बचाव) कोऑर्डिनेटर, आणि शेवटी हेडकोच. सर्वात वरच्या गटात, ज्याला एफबीएस म्हणतात, 130 पेक्षा जास्त विद्यापीठं आहेत. 2018 पासून तिथं हेडकोचखाली मैदानावर शिकवायला 10 असिस्टंटांची मुभा होती. 2024 मध्ये ही अट सैल झाली आणि अ‍ॅनालिस्टनाही मैदानावर शिकवायची परवानगी मिळाली. खालून येणाऱ्यांसाठी ही फार चांगली गोष्ट झाली. त्याआधी अ‍ॅनालिस्टला खेळाडूचा चुकलेला पाय समोर दिसत असला तरी तोंड मिटून उभं राहावं लागायचं.

जीएचं काम कसलं असतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमची सुरुवात झालीच तर इथंच होणार. सामना शनिवारी. रविवारी दुपारी आमच्या बिनखिडक्यांच्या खोलीत दोन-तीन जीए पुढच्या प्रतिस्पर्ध्याची फिल्म उघडून बसायचे. एका सामन्यात एका संघाचे साठ-सत्तर डाव होतात, आणि असे चार-पाच सामने. प्रत्येक डावाला खुणा लावायच्या: कितवा डाऊन (दहा यार्ड पुढे सरकायला मिळणाऱ्या चार संधींपैकी कितवी), किती यार्ड हवेत, चेंडू मैदानाच्या डाव्या खुणेवर की उजव्या, रचना कोणती, माणसं कोणती. माणसांसाठी दोन आकड्यांची खूण असते. ‘11’ म्हणजे एक रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) आणि एक टाइट एंड (अडवणारा आणि पासही झेलणारा), ‘12’ म्हणजे एक रनिंग बॅक आणि दोन टाइट एंड. हे सगळं भरून झालं की त्यातून कोऑर्डिनेटरला हवं ते निघतं: तिसऱ्या डाऊनला चार यार्ड हवे असताना हा संघ काय करतो?

त्यानंतर कार्डं. आपल्याच राखीव पोरांचा एक ‘स्काऊट’ संघ असतो. आठवडाभर त्यानं प्रतिस्पर्ध्याचं सोंग घ्यायचं. त्या पोरांना डाव कळावा म्हणून जीए जाड काळ्या मार्करनं एकेका कागदावर एकेक डाव काढतो: गोल, बाण, ज्याला चेंडू मिळणार त्याचा गोल लाल. कागद प्लास्टिकच्या पाकिटात, पाकिटं फाइलमध्ये. मंगळवारी सरावात जीए फाइल डोक्यावर धरतो, अकरा पोरं तीन सेकंद बघतात आणि तो डाव खेळतात. बाण चुकला तर पोरगं भलतीकडे धावतं आणि डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर सगळ्यांदेखत जीएचा उद्धार करतो. पोराला कोणी काही बोलत नाही! या कामाबद्दल एमएची फी माफ आणि हातखर्चापुरतं विद्यावेतन. कागदावर आठवड्याचे वीस तास. प्रत्यक्षात हंगामात ती मुलं घरी फक्त झोपायला जायची, काही तर तेवढ्यालाही नाही.

आता न खेळलेल्यांविषयी. डेव्ह अरांडा यांचं उदाहरण मला सर्वात आवडतं. शाळेत असतानाच खांद्याच्या दुखण्यानं त्यांचं खेळणं संपलं, कॉलेजात ते खेळलेच नाहीत. कॅलिफोर्नियातल्या कॅल लुथरन या छोट्या कॉलेजात शिकता शिकता कोचिंगला लागले. 2000 मध्ये टेक्सास टेकला माइक लीच यांच्या हाताखाली जीए झाले. लीच हे स्वतः वकिलीची पदवी घेतलेले आणि कॉलेज फुटबॉल न खेळलेले गृहस्थ. पुढे ह्यूस्टन, मग परत कॅल लुथरन, मग मिसिसिपीतलं डेल्टा स्टेट, मग हवाई, मग युटा स्टेट. युटा स्टेटचे हेडकोच गॅरी अँडरसन विस्कॉन्सिनला गेले आणि अरांडांना बरोबर घेऊन गेले. तिथून 2016 मध्ये एलएसयू, म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी. 2018 च्या सुरुवातीला दुसरं विद्यापीठ त्यांना ओढायला लागल्यावर एलएसयूनं चार वर्षांचा 1 कोटी डॉलरचा करार पुढे केला, म्हणजे वर्षाला 25 लाख डॉलर. तेव्हाच्या भावानं 16 कोटी रुपये, आणि हे हेडकोच नसताना. 2019 च्या हंगामात एलएसयूनं राष्ट्रीय विजेतेपद घेतलं आणि अरांडा बेलरचे हेडकोच झाले.

लोक यातला 16 कोटींचा आकडा लक्षात ठेवतात. मी तुम्हाला डेल्टा स्टेट लक्षात ठेवायला सांगेन. ह्यूस्टनसारख्या मोठ्या शहरातलं काम सोडून आपल्याच जुन्या छोट्या कॉलेजात जायचं, तिथून मिसिसिपीच्या सपाट शेतीतल्या गावात, आणि घरच्यांना सांगायचं की ही प्रगतीच आहे. या धंद्यात पायरी उतरणं हे वर जाण्याचंच तंत्र आहे. दुसरं उदाहरण कर्बी स्मार्ट यांचं. ते 2001 मध्ये वॅल्डोस्टा स्टेट या छोट्या विद्यापीठात डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर होते. ते पद सोडून ते फ्लोरिडा स्टेटला जीए म्हणून गेले. साहेबाचा पुन्हा शिकाऊ झाला! का, तर तिथं हेडकोच बॉबी बाउडेन होते आणि डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर मिकी अँड्र्यूज होते. अँड्र्यूज म्हणजे देशातल्या सर्वोत्तम असिस्टंट कोचला मिळणाऱ्या ब्रॉइल्स पुरस्काराचे 1996 मधले पहिले मानकरी. 2004 मध्ये एलएसयूचे तेव्हाचे हेडकोच निक सेबन यांनी स्मार्टना तिथं घेतलं, पुढे मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघात, मग अलाबामाला. 2009 चा ब्रॉइल्स पुरस्कार स्मार्टना मिळाला. 2015 च्या अखेरीस जॉर्जियाचे हेडकोच झाले आणि 2021 व 2022 अशी लागोपाठ दोन विजेतेपदं घेतली. विद्यापीठाचं नाव बघून नव्हे, हाताखाली कोणाच्या जायचं ते बघून उडी मारलेली.

सामन्यातली डोकॅलिटी टीव्हीवर दिसते, रिक्रूटिंग, म्हणजे शाळांतून खेळाडू मिळवणं, दिसत नाही. माझं स्पष्ट मत आहे की असिस्टंटची किंमत ठरते ती रिक्रूटिंगवर. प्रत्येकाला एक टापू वाटून दिलेला असतो, त्यातल्या शाळा, तिथले कोच, सतरा वर्षांची पोरं, पोरांच्या आया, आज्या, मामा. शुक्रवारी रात्री, उद्या आपला सामना असतानाही, कोणी ना कोणी एखाद्या शाळेच्या मैदानावर उभा असतो, पोराच्या घरच्यांना दिसावं म्हणून. आमच्याकडचा एक डिफेन्सिव्ह लाइन कोच फिल्म बघता बघता अंगठ्यानं मेसेज करत असायचा. कोणाच्या बहिणीची परीक्षा कधी, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन कधी, सगळं तोंडपाठ. मला आधी ते ढोंग वाटायचं. पण पोरानं आमच्या विद्यापीठाकडे यायची सही केल्यावरही त्याचे फोन थांबायचे नाहीत.

आता सहीनंही काम संपत नाही. 2018 मध्ये ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, जुलै 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमवायची मुभा मिळाली, आणि जुलै 2025 पासून विद्यापीठं थेट खेळाडूंना उत्पन्नातला वाटा देऊ लागली. म्हणजे घरातलंच पोर दरवर्षी नव्यानं राखायचं. खेळाडूंच्या पैशांचं गणित सांभाळायला विद्यापीठं आता जनरल मॅनेजर नेमतात. स्टॅनफर्डनं 2024 मध्ये अँड्र्यू लक या आपल्याच जुन्या क्वार्टरबॅकला (चढाई चालवणारा मुख्य खेळाडू) ते पद दिलं.

पैशांचं लवकर उरकतो. मोठ्या परिषदांमध्ये (आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटांमध्ये) पोझिशन कोचला काही लाख डॉलर मिळतात. सरकारी विद्यापीठांचे पगार जाहीर असतात, नेटवर सापडतील. सर्वात खालच्या गटात, म्हणजे डिव्हिजन 3 च्या छोट्या कॉलेजात तोच माणूस कोचिंगबरोबर वर्ग घेतो, जर्सी धुतो, बसच्या भाड्याची घासाघीसही करतो आणि शाळामास्तराइतकंही कमवत नाही. करार साधारण एक ते तीन वर्षांचे. हेडकोचला काढताना भरपाई मिळते, कधीकधी डोळे पांढरे होण्याइतकी: टेक्सास ए अँड एमनं नोव्हेंबर 2023 मध्ये जिम्बो फिशर यांना काढलं तेव्हा देणं साडेसात कोटी डॉलरच्या वर होतं. असिस्टंटच्या करारात मात्र बहुधा कलम असतं की दुसरी नोकरी शोधायची, आणि तिथला पगार आमच्या देण्यातून वजा.

बिऱ्हाड किती वेळा हलतं ते वरच्या गावांच्या यादीवरून कळलंच असेल. नोव्हेंबर 2021 मध्ये हेडकोच लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून कॅलिफोर्नियातल्या यूएससी विद्यापीठात गेले, काही असिस्टंट लगेच त्यांच्याबरोबर. हे सगळं घडतं हंगामाच्या शेवटी, म्हणजे मुलांची शाळा ऐन मध्यावर असताना. नवरा पुढे जाऊन हॉटेलात राहतो, बायको घर विकते, मुलांचं वर्ष पुरं करते.

एकाच गावात आयुष्य काढलेले असिस्टंटही आहेत. बड फॉस्टर 1987 मध्ये हेडकोच फ्रँक बीमर यांच्याबरोबर मरी स्टेटहून व्हर्जिनिया टेकला आले आणि 2019 चा हंगाम संपवूनच निवृत्त झाले. मध्ये 1992 चं साल आलं होतं: दोन विजय, आठ पराभव, एक बरोबरी. त्यानंतर बीमर राहिले, स्टाफमधली काही माणसं बदलली, फॉस्टर टिकले. 1995 पासून त्यांच्या डिफेन्सची खूण म्हणजे कामगाराचा पत्र्याचा जेवणाचा डबा, तो सामन्याला मैदानावर असायचा. 2015 नंतर बीमर निवृत्त झाले, तेव्हा नव्या हेडकोचनं फॉस्टरना तिथंच ठेवलं. असं क्वचित होतं, म्हणून तर त्यांचं नाव घेतो.

तुमच्यापुरतं बोलायचं तर खरी अडचण खेळलेलं नसणं ही नाही, व्हिसा आहे. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला वीस तासच काम करता येतं. जीएचं खरं काम किती तासांचं ते वर सांगितलंच. वीस तास ओलांडले तर तुमचाच व्हिसा धोक्यात येतो, विद्यापीठालाही ते चालत नाही. शिवाय पुढे एच-1बी या नोकरीच्या व्हिसासाठी पदवी आणि काम यांचा थेट संबंध दाखवावा लागतो, तो कोचिंगमध्ये दाखवणं जड जातं. त्यामुळे माझा सल्ला असा की दार डेटाचं धरा. स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्सची एमएस, तिच्याबरोबर फुटबॉल ऑफिसात विद्यार्थी म्हणून काम. अशा पदवीवर शिक्षणानंतर 12 अधिक 24 महिने काम करता येतं, आणि अ‍ॅनालिस्टच्या खुर्चीपर्यंत पोचायला तेवढा वेळ लागतोच. भारतीय नावाचं कोणी आहे का, असंही विचारलंत. संजय लाल हे नाव शोधा: जन्म लंडनचा, कॅलिफोर्नियातल्या छोट्या कॉलेजांतून वर येत एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये रिसीव्हर्सचे कोच झाले. मात्र ते स्वतः कॉलेजात खेळलेले आहेत.

तोवर भारतातच दोन गोष्टी करा. फ्लॅग फुटबॉल (पाडण्याऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) लॉस एंजलिस 2028 च्या ऑलिंपिकमध्ये आहे, आपल्याकडेही खेळला जातो, त्याचा एखादा शाळेचा संघ हाती घ्या. आणि एका कॉलेज संघाचे चार सामने घेऊन प्रत्येक डावाला वर सांगितल्या तशा खुणा लावा, एक्सेलमध्ये. त्यातून दोन पानांचा अहवाल काढा: तिसऱ्या डाऊनला काय, रेड झोनमध्ये (गोलरेषेआधीचे शेवटचे वीस यार्ड) काय. तो जोडून डिव्हिजन 2 आणि 3 च्या कॉलेजांना मेल टाका. हेडकोचला नको, तो उघडणार नाही. वेबसाइटवर स्टाफच्या यादीत ‘डिरेक्टर ऑफ फुटबॉल ऑपरेशन्स’ किंवा तत्सम नाव असतं, त्याला. फेब्रुवारीच्या शेवटी पाठवा. जानेवारीत कोच असोसिएशनचं अधिवेशन असतं, निम्मे असिस्टंट तिथल्या हॉटेलच्या लॉबीत स्वतःसाठीच नोकरी शोधत असतात, आणि तेव्हा तुम्ही मेल पाठवाल तो माणूस महिनाअखेर त्या खुर्चीवर असेलच असं नाही.