नाव आठवत नसलेला सिनेमा शोधताना

कथा सांगायची घाई करू नका. आधी सिनेमा कुठे आणि साधारण कोणत्या वर्षी पाहिलात ते लिहा. टीव्हीवर पाहिला असेल, तर तो त्याआधी दहा-वीस वर्षं जुना असू शकतो, म्हणून शोध मागच्या वर्षांपर्यंत ताणा. चित्र चौकोनी होतं म्हणून १९५३ मध्ये सिनेमास्कोप हे रुंद पडद्याचं तंत्र आलं त्याआधीचाच सिनेमा, असंही धरू नका. जुन्या टीव्हीसाठी रुंद चित्राच्या कडा सर्रास कापल्या जायच्या.

मग खात्रीचं आणि अंधुक वेगळं करा. हे मनापासून सांगतो, कारण बहुतेक शोध इथेच फसतात: दोन सिनेमांतले प्रसंग मनात एकत्र होतात आणि आपण अस्तित्वातच नसलेला तिसरा सिनेमा शोधत बसतो. तपशील जुळेना झाले की एकेक सोडून पाहा.

'नायक सूड घेतो' याने काही हाती लागत नाही. 'दीपगृहातला बहिरा पहारेकरी' याने लागतं. असे शब्द आयएमडीबी या सिनेमांच्या माहितीच्या संकेतस्थळावरच्या प्रगत शोधात कीवर्ड म्हणून इंग्रजीत टाका, सोबत वर्षांची मर्यादा घाला. एखादा दुय्यम नट ओळखता आला तर फारच उत्तम, त्याची सगळी कामं क्रमाने चाळा. आणि डब केलेला पाहिला असेल तर मूळ नाव वेगळं असणार, हे धरूनच चला.