शेवटचा काळ आला असेल, तर ख्रिस्ती माणसाने वस्तीच्या प्रश्नांत कशाला पडायचे?

तुमचा प्रश्न मी असा समजलो: वस्तीत पाण्यावरून भांडणे चालू आहेत, गरिबांच्या जागेवर कोणाचा तरी डोळा आहे, आणि मंडळीतील, म्हणजे आपल्या चर्चमधील, काही जण म्हणतात की हे सगळे शास्त्रात आधीच सांगितले आहे, भविष्यवाणी पूर्ण होत आहे, आपण प्रार्थना करावी आणि बाकीच्यात पडू नये. मग बायबलमधल्या भविष्यवाणीचा आज आपल्याला उपयोग काय?

मी पाळक नाही, पण संदेष्ट्यांची, म्हणजे देवाचा संदेश लोकांना सांगणाऱ्यांची, पुस्तके अनेक वर्षे वाचतो आहे आणि या विषयाची मला मनापासून कळकळ आहे. उत्तरासाठी बायबलमधले ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक, अध्याय 11, शेवटची चार वचने काढा. यरुशलेमेहून काही संदेष्टे अंत्युखिया शहरातल्या मंडळीकडे आले. त्यांतल्या अगबाने आत्म्याच्या प्रेरणेने सांगितले की सर्व जगात मोठा दुष्काळ पडणार आहे. या पुस्तकाचा लेखक लूक पुढे लिहितो की रोमी सम्राट क्लौद्याच्या कारकिर्दीत तो पडलाही. आता मंडळीने काय केले ते पाहा. दुष्काळ हे शेवटच्या काळाचे एक चिन्ह म्हणून स्वतः येशूनेच सांगितले होते. ‘चिन्ह पूर्ण होत आहे, होऊ द्या’ असे म्हणायला त्यांना भरपूर आधार होता. ते तसे म्हणाले नाहीत. प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या बंधूंसाठी मदत काढली आणि ती बर्णबा व शौल (म्हणजेच पौल) यांच्या हाती तिथल्या वडिलांकडे, म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांकडे, पोहोचवली. भविष्यवाणी ऐकली आणि वर्गणी गोळा झाली! तारखेवर चर्चा झाल्याचा तिथे एक शब्दही नाही.

भविष्यवाणी पंचांगासारखी उघडून मुहूर्त शोधणारे पुष्कळ होऊन गेले. अमेरिकेतल्या विल्यम मिलरच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 या दिवशी येशू परत येणार असे धरले होते. काहींनी उभी पिके शेतातच सोडली. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. त्यांच्या श्रद्धेची मला टिंगल करायची नाही, कारण ती माणसे खरोखर वाट पाहत होती. पण काळ आणि समय जाणणे तुमच्याकडे नाही, असे येशूने शिष्यांना स्पष्ट सांगून ठेवले होते.

‘लिहिले आहे म्हणजे होणारच’ हा जो समज आहे, तो संदेष्ट्यांनी स्वतःच खोडला आहे. यिर्मयाचा 26 वा अध्याय घ्या. यिर्मया मंदिराच्या अंगणात उभा राहून सांगतो की वळला नाहीत तर हे मंदिर शिलो या जुन्या, उद्ध्वस्त झालेल्या उपासनास्थळासारखे उजाड होईल. याजक आणि लोक त्याला धरतात आणि म्हणतात, याला मेलेच पाहिजे. तेव्हा देशातले काही वडील उठतात आणि सुमारे शंभर वर्षांपूर्वीची एक आठवण काढतात: मीखा या संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या काळात सांगितले होते की सीयोन, म्हणजे यरुशलेम, शेतासारखी नांगरली जाईल. हिज्कीयाने त्याला मारले का? नाही. तो परमेश्वराला भ्याला, त्याची विनवणी केली, आणि अनर्थ टळला. म्हणजे मीखाची भविष्यवाणी त्या वेळी ‘पूर्ण’ झाली नाही, आणि तेच तिचे यश मानले गेले. योनाने निनवे शहराला नाशाचा इशारा दिला, लोक वळले आणि शहर वाचले; ती गोष्टही हीच. संदेष्टा धोका सांगतो तो लोकांनी वळावे म्हणून.

त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याचीही हकिकत आहे. तो मिसरला (इजिप्तला) पळाला, राजाने त्याला धरून आणवले आणि तलवारीने मारले. यिर्मया वाचला तो शाफानाचा मुलगा अहीकाम पाठीशी उभा राहिला म्हणून. हे मुद्दाम सांगतो. वस्तीत कोणी अन्यायाविरुद्ध बोलत असेल आणि तुम्हाला स्वतःला बोलायचे धाडस नसेल, तर निदान अहीकाम होता येते.

आणि संदेष्टे बोलत होते कशाबद्दल? वस्तीबद्दलच! आमोस हा तकोवाचा मेंढपाळ. तो लहान माप, जड वजन आणि खोटा तराजू यांवर बोलतो. वेशीत न्यायनिवाडा होत असे, तिथे लाच घेऊन गरिबाला परत पाठवतात, म्हणून संतापतो. मीखा शेतांचा लोभ धरून ती बळकावणाऱ्यांवर बोलतो. यिर्मया राजा यहोयाकीमाला विचारतो की मजुरी न देता बांधलेल्या वाड्याने तू राजा ठरतोस का? तुझ्या बापाने दीनदुबळ्यांना न्याय दिला, मला ओळखणे ते हेच नव्हे काय, असे परमेश्वर म्हणतो. तुमच्या वस्तीतली जमीन आणि पाणी हे या पुस्तकांच्या बाहेरचे विषय मुळीच नाहीत.

एक सावधगिरी मात्र हवी. संदेष्टे बहुतेक वेळा आपल्याच लोकांना धारेवर धरतात. भविष्यवाणी हाती घेऊन शेजारच्या समाजाला किंवा पलीकडच्या पक्षाला ‘बाबेल’, म्हणजे देवाचा शत्रू, ठरवणे मला फार धोक्याचे वाटते. आधी पाहा, बळकावणाऱ्यांत आपल्या मंडळीतले कोणी आहे का, आपल्याकडे कामाला येणाऱ्यांची मजुरी वेळेवर जाते का.

प्रार्थनेबद्दल म्हणाल, तर ती हवीच. यरुशलेमेहून बंदी करून बाबेलात नेलेल्या लोकांना यिर्मयाने पत्रात त्या नगरासाठी प्रार्थना करायलाच सांगितले. पण त्याच पत्रात घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे हित पाहा, हेही आहे. ते नगर तर शत्रूचे होते. दोन वर्षांत ही बंदी संपेल असे सांगणारा हनन्या हा दुसरा संदेष्टा लोकांना आवडला असेल, पण तो खोटा ठरला.

‘शेवटी सगळे जळूनच जाणार’ हे वचन कोणी पुढे केले, तर पेत्राच्या दुसऱ्या पत्राचा तिसरा अध्याय त्यांच्यासोबत पुढेही वाचा. तिथे लगेच प्रश्न येतो, तर मग तुम्ही कसे वागले पाहिजे? आणि वाट कशाची पाहायची, तर जिथे नीतिमत्त्व वास करते अशा नव्या पृथ्वीची. जखऱ्याच्या आठव्या अध्यायात यरुशलेमचे जे चित्र आहे, त्यात म्हातारी माणसे काठी घेऊन रस्त्याच्या कडेला बसली आहेत आणि मुलामुलींनी रस्ते भरून गेले आहेत.

मंडळीत थेट वाद घालू नका. अभ्यासाच्या बैठकीत आमोस एका दमात मोठ्याने वाचा, फक्त नऊ अध्याय आहेत. मग वडिलांना एकच विचारा: पाण्याच्या भांडणात दोन्ही बाजूंना एकत्र बसवायला मंडळीतून कोण जाईल?