वहिनीच्या अंगाचं तुला काय करायचंय

पोरी,

काल फोनवर तू रडालीस आणि मी ओरडले, रात्रभर डोळा लागला नाही म्हणून हे लिहितेय. महिन्यात दोनदा ती संबंधानंतर 72 तासांत घ्यायची गोळी घेतलीस, आणि वर मला विचारतेस, शेजारच्या वहिनीला तांबीनं (कॉपर-टीनं) त्रास झाला तर मी बसवू की नको? वहिनीच्या अंगाचं तुला काय करायचंय गं? तुझ्या अंगाचं विचार की! ती गोळी अडचणीतली, रोजची नव्हे, आणि दिवस राहिलेच असतील तर ती काही पाडत नाही.

अंगावर पाजलं की दिवस राहत नाहीत, हे सासूबाईंचं अर्धंच खरं. बाळ 6 महिन्यांच्या आतलं, पाळी आलेली नाही आणि रात्रंदिवस फक्त आईचं दूध, तिन्ही जमलं तरच ते धरायचं. तू तर आठवड्यापासून पेज भरवालीस, मग संपलं ते.

माला-एन, ती रोजची हार्मोनची गोळी, तुला आत्ता नको, पाजतेस म्हणून, बाळ 6 महिन्यांचं झाल्यावर बघू. छाया गोळी चालते, हार्मोन नाही त्यात, पहिले 3 महिने आठवड्यातून दोनदा ठरल्या वारी, मग एकदा. अंतराचं इंजेक्शन 3 महिन्यांनी, पण पाळी कशीपण येते नाहीतर येतच नाही, आणि सोडल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून 7 ते 10 महिने जाऊ शकतात, तुला दोन वर्षांनी दुसरं हवंय ना, मग हिशोब कर. तांबी 5 वर्षांची असते, 10 वर्षांची असते, पण मनात येईल तेव्हा काढता येते. सुरुवातीला पाळीत जास्त जातं, ओटीपोट दुखतं. तुला आधीच रक्त कमी आहे का, हे वहिनी सांगणार आहे का?

माझीच गोष्ट बघ. आम्ही निपाणीला होतो, गल्लीतल्या बायका म्हणाल्या तांबी काळजापर्यंत चढते. तांबी बसवली तेव्हा माहितीचा कागद मिळाला होता, सगळा कन्नडमध्ये, विचारायची लाज वाटली, घडी घालून हळदीच्या डब्याखाली ठेवला आणि बसवल्यापासून आठव्या महिन्यात तांबी काढून आले. तिसरा आला. गुणाचा आहे, त्याला हे कळू देऊ नकोस. पण तेव्हा मला नको होतं. आणि माझीच चूक असं म्हणू नकोस हां, घरात दोन लहान, विडीची पानं कापायची, कुणाला विचारणार होते? नंतर ह्यांना म्हटलं तुम्ही बिनटाक्याची नसबंदी करून घ्या, तर म्हणे पोती उचलायला ताकद राहत नाही. तसं काही नसतं, पण टेबलावर मीच गेले.

मुंबईत रघुनाथ कर्व्यांनी 1921 ला संततिनियमनाचा दवाखाना काढला, मैसूर संस्थानानं 1930 ला सरकारी काढला, आणि आपण बेळगावकर दोन्हीच्या मधे बसून अजून गल्लीलाच विचारालोय!

तर सोमवारी खानापूरहून पहिल्या लाल बसनं ये. त्याआधी किटवर लघवी तपास, पाळी आली नसली तरी. तोवर निरोध, आशाताईकडे मिळतो, जावईबापूंना लाज वाटत असेल तर त्यांनी लाजत लाजत आणावा. दवाखान्यात नर्सला दोन गोळ्यांचं खरं सांग. बाळाला माझ्याकडे ठेव, पेजेचे तांदूळ मी भिजत घालते.

तुझी मावशी