घरी पोपट, शाळेत गप्प

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची. घरी अखंड बडबड. बालवाडीत मात्र सहा आठवडे झाले तरी ताईंशी एक शब्द नाही, लांब उभी राहून खेळ बघते. सासूबाई म्हणतात, लाडावून ठेवलीय. आमचं चुकलं का? (एक आई, सातारा)

उत्तर : लाडांचा इथे संबंध नाही. अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ पासून न्यूयॉर्कमध्ये १३३ मुलांच्या स्वभावांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला. त्यातली सुमारे १५ टक्के मुलं अशीच, हळूहळू रुळणारी निघाली. शाळेतलं गाणं ती घरी बाहुल्यांना शिकवते का, ते पाहा. शिकवत असेल तर लांबून बघता बघता ती सगळं टिपते आहे.

शाळा भरायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी तिला पोचवा. भरल्या गोंगाटात शिरण्यापेक्षा रिकाम्या वर्गात बसणं सोपं. निरोप रोज तोच आणि छोटा हवा. नजर चुकवून सटकलात तर उद्या ती पदर सोडणार नाही. ताईंना सांगा, आठवडाभर काही विचारू नका. शेजारी बसून मणी ओवत नुसतं म्हणा, ‘लाल मणी घेतलास.’ मग, ‘लाल हवा की निळा?’ आणि पाचपर्यंत मनात मोजून थांबा. बोट दाखवलं तरी चालेल. ‘हवा का?’ असं विचारलं, तर मान हलते आणि संवाद तिथेच संपतो. रविवारी वर्गातलं एकच मूल घरी खेळायला बोलवा, चार नकोत.

बिघडतं ते बहुधा मोठ्यांच्या घाईमुळे. ‘काकांना नाव सांग ना’ हा आग्रह, चॉकलेटचं आमिष, आणि पहिला शब्द फुटताच ‘बोलली, बोलली!’ म्हणून टाळ्या. सगळ्यांच्या नजरा वळल्या की ती पुन्हा मिटते. तिच्यासमोर ‘लाजाळू आहे’ असंही म्हणू नका. ‘तिला थोडा वेळ लागतो’ एवढं पुरे. दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडी थोडी मागे जाईल, तेव्हा पहिल्यापासून दोन-तीन दिवस हेच करा.

शाळेचा पहिला महिना हिशेबात धरायचा नाही. त्यापुढे महिनाभर ती मैत्रिणींशीही बोलली नाही, शू लागली तरी सांगू शकली नाही, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तुमच्या बाबतीत अजून साधारण दोन आठवडे आहेत.

प्रश्न : मुलगा पाच वर्षांचा. ३ च्या जागी ६ लिहितो, २ उलटा काढतो. काही दोष असेल का? (एक बाबा, नाशिक)

उत्तर : सातव्या वर्षापर्यंत हे सर्रास दिसतं. कप कुठल्याही बाजूला वळवला तरी कपच राहतो. दिशा बदलली की नाव बदलतं, हा नियम त्याला अंकांतच पहिल्यांदा भेटतो. त्यात आपले ३ आणि ६ जवळजवळ आरशातले. दोन्ही एकाच आठवड्यात शिकवू नका. ताटात रव्याचा पातळ थर पसरून ३ बोटाने गिरवू द्या, सुरुवातीच्या जागी, म्हणजे वर डावीकडे, एक शेंगदाणा ठेवून. ६ नंतर घ्या. त्याचा शेंगदाणा उजवीकडे. दहादा लिहून काढायला लावलंत, तर चूकच दहादा गिरवली जाईल.