कलिन्याला, मुंबई विद्यापीठात, पहिल्यांदाच पब्लिक लेक्चरला जातोयस ना?

अरे बिनधास्त जा, पब्लिक लेक्चरला एमए-पीएचडी कोणी विचारत नाही, फक्त गेटवर दाखवायला पोस्टरचा फोटो आणि एखादं ओळखपत्र जवळ ठेव. अर्धा तास आधी पोच, विद्यानगरी कॅम्पस मोठा आहे. मी एकदा अशाच एका ठिकाणी हॉल शोधत फिरलो आणि घुसलो ते थेट वक्त्याच्या पाठीमागच्या दारातून, सगळे माझ्याकडेच बघतायत!

अर्धं डोक्यावरून गेलं तरी घाबरू नकोस, सगळ्यांचंच जातं, बाकीचे नुसती मान हलवतात. मी वहीत एवढंच लिहितो की वक्ता बोलतोय ते कशाच्या आधारावर. म्हणजे बघ, मुंबईच्या गिरणगावावर बोलणारा माणूस १९८२ चा गिरण्यांचा संप, त्याचे पुढारी दत्ता सामंत, अडीच लाख कामगार हे सगळं सांगेलच, पण तो ते पोलीस रेकॉर्डवरून सांगतोय, युनियनच्या पत्रकांवरून की चाळीतल्या बायकांच्या मुलाखतींवरून, यावर अख्खी गोष्ट बदलते, आणि प्रश्न विचारायचाच असेल तर हाच विचार, दोन वाक्यांत. 'प्रश्न नाही, जरा कॉमेंट आहे' म्हणत माइक धरून बसणारे एक काका प्रत्येक हॉलमध्ये असतात. तू त्यांचा असिस्टंट होऊ नकोस.

नंतर चहाला थांब मात्र. स्टेजवर सावध बोलणारे लोक बिस्किट बुडवताना मोकळे होतात, मला निम्मी पुस्तकं तिथेच कळलीयत.

फोर्टला एशियाटिक सोसायटीच्या दरबार हॉलमध्येपण व्याख्यानं असतात, कधी जायचं ठरवलंस तर मेसेज कर, मी येतो.